कव्हर घालून वाचलेल्या कादंबऱ्या

ताई, नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. कॉलेजपासून अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे. सुट्टीच्या दिवशी गावोगावी जाऊन चमत्कारांमागचं विज्ञान दाखवतो. लिंबातून रक्त काढणं, पाण्याने दिवा पेटवणं, जिभेवर जळता कापूर ठेवणं वगैरे. करणी, भानामती, देवऋषी हे सगळं आमच्या भागात अजून आहे, त्यामुळे काम संपत नाही.

आता माझी अडचण. मला तंत्रमंत्र, काळी जादू, गूढ पंथ यांवरच्या जुन्या कादंबऱ्यांचं वेड आहे. सुरुवात शाळेत असताना वाचनालयातल्या नारायण धारपांपासून झाली. आता इंग्रजीतल्या शोधून शोधून वाचतो. बुल्वर-लिटनची 'झानोनी', ह्युसमान्सची 'ला-बा', मॉमची 'द मॅजिशियन', डेनिस व्हीटली. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालतो. मागच्या शिबिरात एका तरुण कार्यकर्त्याने कव्हर काढून पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "सर, दिवसा भूत उतरवायचं आणि रात्री बोलवायचं?" सगळे हसले. मीही हसलो, पण ते लागलं. मी दुटप्पी आहे का?

मुलगी नववीत आहे. आता तिलाही ही पुस्तकं हवीत. द्यावीत का?

आणि एक. दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून हे वाचन वाढलंय. कधीकधी वाटतं, यातलं काहीतरी खरं असतं तर. हे कुणाला सांगता येत नाही.

– एक शिक्षक

*

नमस्कार सर,

'झानोनी' वाचून तुम्ही कुणाच्या तापावर अंगारा लावला असता, तर त्या पोराचं बोलणं बरोबर ठरलं असतं. तसं तुम्ही केलेलं नाही आणि करणारही नाही. तेव्हा दुटप्पीपणाचं ओझं आधी खाली ठेवा. पण "अरे, करमणूक म्हणून वाचतो" असं म्हणून त्याच्यापासून सुटकाही करून घेऊ नका. वर्षानुवर्षं, कव्हर घालून, लपवून माणूस जे वाचतो ते नुसती करमणूक नसतं, आणि हे त्यालाही कळेल.

माझं मत असं आहे की या कादंबऱ्यांची खरी गोडी तुमच्यासारख्या माणसालाच लागते. ज्याच्या जगात वेशीवरच्या पिंपळावर मुंजा राहतोच, त्याला मुंजा दिसला तर भीती वाटेल, पण नवल वाटणार नाही. त्याच्या लेखी तो गावातलाच एक रहिवासी. नवल वाटायला निसर्गाचे नियम आधी अंगात मुरलेले असावे लागतात. मेलेलं माणूस उठत नाही हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, त्याच्याच अंगावर ते उठताना वाचून काटा येतो. भोंदूला हवा असतो विश्वास ठेवणारा माणूस. गूढ कादंबरीला हवा असतो शंका घेणारा.

या कादंबऱ्या बहरल्या कधी आणि कुठे, तेही बघा. एकोणिसाव्या शतकात, आगगाड्या आणि तारायंत्रं आलेल्या लंडन-पॅरिसमध्ये. १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला'त रक्त पिणाऱ्या काउंट ड्रॅक्युलाशी लढणारी मंडळी काय वापरतात? क्रूस आणि लसूण तर आहेच, पण त्याबरोबर टंकलेखन यंत्र, फोनोग्राफवर बोलून ठेवलेली रोजनिशी, लघुलिपी, रेल्वेचं वेळापत्रक आणि रक्त चढवण्याची शस्त्रक्रिया. मीना हार्कर सगळ्यांच्या डायऱ्या, पत्रं, तारा तारीखवार लावून टाइप करते आणि त्या फायलीतून काउंटचा माग लागतो. विज्ञानाच्या उजेडात बसूनच ही भीती लिहिली गेली आहे.

आणि तुम्हाला हे मी काय सांगावं? तुम्ही लिंबू कापता, लाल थेंब खाली पडतो, पुढे बसलेल्या बाया तोंडाला पदर लावतात. सुरीला आधीच मिथिल ऑरेंज लावलंय, ते लिंबाच्या आम्लाने लाल होतं, हे तुम्ही त्याच क्षणी सांगत नाही. थोडं थांबता. सगळा मांडव श्वास रोखून बसलेला असतो, आणि मग तुम्ही बोलता. ती थांबण्याची कला तुम्हाला येते, म्हणून तुमचं प्रात्यक्षिक रंगतं. चांगली गूढ कादंबरी तो थांबलेला क्षण तीन-चारशे पानं ताणून धरते.

पण नुसत्या शहाऱ्यावर पुस्तक शंभर-दीडशे वर्षं टिकत नाही. टिकलेल्या पुस्तकांमध्ये जादूपेक्षा हाव आणि तिची किंमत जास्त असते. 'झानोनी' १८४२ ची. तिची सुरुवातच बघा. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनजवळ जुन्या पुस्तकांचं एक दुकान. किमया, ज्योतिष, कबाला म्हणजे ज्यूंची गूढविद्या, असल्या विषयांवरची दुर्मिळ पुस्तकं मालकाने आयुष्यभर जमवलेली, आणि गिऱ्हाईक आत आलं की याच्या पोटात गोळा येतो. पुस्तक कुणी हातात घेतलं तर हा त्याच्याकडे वैऱ्यासारखा बघतो. विकलंच गेलं तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या दारात हजर : तुमची किंमत सांगा, पण माझं पुस्तक परत द्या. पुस्तकवेड्या माणसाचं इतकं जिव्हाळ्याने काढलेलं चित्र मी फार थोड्या ठिकाणी वाचलंय. पुढे किती प्रचंड गूढ येणार आहे, पण दार उघडतं ते या म्हाताऱ्याच्या दुकानातून.

त्यातल्या ग्लिंडनचा विचार तुम्ही शिक्षक म्हणून केलाच असेल. तरुण इंग्रज चित्रकार. त्याला गूढविद्या हवी, पण तयारीचे दिवस नकोत. गुरू मेज्नूर डोंगरातल्या पडक्या किल्ल्यात त्याला ठेवतो आणि काही दिवस बाहेर जाताना बजावतो, त्या खोलीत जाऊ नकोस. हा जातो, मनाई केलेली कुपी उघडतो, आणि उंबरठ्यावरची ती भयंकर आकृती पुढे त्याचा पिच्छा पुरवते. उलट झानोनीकडे सगळं आहे. हजारो वर्षांचं आयुष्य आहे, म्हातारपण नाही. तो एका गायिकेच्या प्रेमात पडतो, त्यांना मूल होतं, आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या धुमाळीत तिला वाचवण्यासाठी स्वतः गिलोटिनखाली जातो. अमरत्व मिळालेला माणूस ते बायकोमुलापायी टाकून देतो. यात अंधश्रद्धेचा प्रचार कुठे आहे, मला तरी सापडत नाही.

'ला-बा' वेगळ्या जातीची, आणि माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत खोल. १८९१ ची. ह्युसमान्स फ्रान्सच्या गृहमंत्रालयात नोकरी करणारा, एमिल झोला या वास्तववादी कादंबरीकाराच्या मंडळीतून आलेला, म्हणजे वस्तू जशी दिसते तशी नोंदवण्याची सवय हाताला लागलेली. त्याचा नायक दुर्ताल हाही लेखकच. पंधराव्या शतकातल्या जिल द रे या उमरावाचं चरित्र तो लिहितोय. मुलांच्या हत्यांबद्दल १४४० मध्ये फाशी गेलेला हा माणूस. त्या अभ्यासातून दुर्तालला कळतं की सैतानाच्या काळ्या उपासना आजच्या पॅरिसमध्येही चालतात. मग तो ती बघायला जातो. तो पुरोहित कॅनन दोक्र कसा आहे, तर त्याने तळपायांवर क्रूस गोंदवून घेतलाय, चालताना तो सतत पायाखाली यावा म्हणून. एवढ्या एका तपशिलात तो माणूस पुरता कळतो. जो देव मानतच नाही तो देवाचं चिन्ह तुडवायला इतके कष्ट घेणार नाही.

आणि तो सगळा विधी बघून दुर्तालला काय वाटतं? धुराने जीव गुदमरतो, किळस येते, तो उठून निघतो. ज्या प्रसंगासाठी लोक पुस्तक उघडतात, तिथे लेखक त्यांच्या हातात घाण आणि क्षुद्रपणा ठेवतो. कादंबरीतली उब दुसरीकडे आहे. सेंट-सल्पिस चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवणारा कार्हे आणि त्याची बायको राहतात. दुर्ताल आणि त्याचा डॉक्टर मित्र तिथे जेवायला जातात, बाईने रांधलेलं गरम जेवण जेवतात, आणि घंटांच्या, संतांच्या, सैतानाच्या गप्पा रात्री उशिरापर्यंत चालतात. शेवटच्या प्रकरणात मंडळी तिथेच बसलेली असताना खालून निवडणूक जिंकलेल्या जनरल बुलांजेच्या जयजयकाराचा गलका ऐकू येतो. सैतानाच्या शोधात निघालेली गोष्ट येऊन पोचते ती एका पुढाऱ्याच्या नावाने बेभान झालेल्या गर्दीपाशी. तुम्ही गर्दीसमोर उभं राहणारं माणूस आहात, तुम्हाला हे पान वेगळ्या तऱ्हेने लागलं असणार.

तुमच्या कामाच्या दृष्टीने मात्र मी 'द मॅजिशियन' पुढे करीन. १९०८ ची. मॉम स्वतः डॉक्टरकी शिकलेला. पॅरिसमध्ये त्याची ॲलेस्टर क्राउलीशी ओळख झाली होती. जादूगार म्हणून मिरवणारा हा माणूस त्याने ऑलिव्हर हॅडो या नावाने कादंबरीत घातला. क्राउलीने पुस्तकावर परीक्षण लिहिलं, त्यात वाङ्मयचौर्याचा आरोप केला, आणि खाली सही केली 'ऑलिव्हर हॅडो'! तो भाग राहू दे. तुम्ही बघायचंय ते हॅडो मार्गारेटला कसा ताब्यात घेतो ते. सुरुवातीला तिला तो किळसवाणा वाटतो. तिचा कुत्रा त्याला चावतो, तो कुत्र्याला लाथ घालतो, म्हणून तिचा नियोजित वर आर्थर त्याला बडवून काढतो. हॅडो हात उचलत नाही. मार मुकाट्याने खातो. पुढे एक दिवस तिच्या घराजवळ त्याला भोवळ येते, ती माणुसकीने त्याला आत घेते, तो पश्चात्तापाचं बोलतो, आणि मग हळूहळू, मधुर आवाजात, लांब देशांची, चित्रांची, ऐश्वर्याची वर्णनं सुरू होतात. दार उघडलं ते दयेने. मंत्र फार नंतर येतो.

हे तुम्ही किती घरांत पाहिलंय, सर? बुवा पहिल्या दिवशी पैसे मागत नाही. तो आधी बिचारा असतो, मग आपला होतो, मग घरातल्या एकेकाला दुसऱ्यापासून तोडतो. हॅडोही तेच करतो, आणि शहाणीसुरती, शिकलेली, प्रेमात असलेली मुलगी हातातून जाते. 'सुशिक्षित माणसं कशी फसतात?' हा प्रश्न शिबिरात दरवेळी येतो. त्याचं उत्तर या प्रकरणांत आहे.

व्हीटलीबद्दल थोडक्यात. 'द डेव्हिल राइड्स आउट' (१९३४) एका बैठकीत संपते, खडूने आखलेल्या वर्तुळात काढलेली ती रात्र विसरता येत नाही. पण गोऱ्या नसलेल्या माणसांकडे तो ज्या नजरेने बघतो ती मला सहन होत नाही, आणि तुम्हीही तिकडे डोळेझाक करू नये. मात्र एक गोष्ट त्याच्या खात्यावर जमा करा. पुस्तकाच्या आरंभीच तो वाचकाला बजावतो की मी स्वतः अशा कुठल्याही विधीत कधी भाग घेतलेला नाही आणि तुम्हीही या वाटेला जाऊ नका. आता यातही वाचकाला घाबरवायचा डाव आहे हे खरं, पण कथा आणि करणी यांच्यात त्याने रेघ ओढली आहे.

ती रेघ पुसली गेली तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या मुंबईत घडलेलं आहे आणि ते थेट 'झानोनी'पर्यंत जातं. मूळच्या रशियन मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी १८७५ मध्ये न्यूयॉर्कला कर्नल ऑल्कॉट वगैरेंबरोबर थिऑसॉफिकल सोसायटी ही गूढविद्येला वाहिलेली संस्था काढली. बुल्वर-लिटनच्या कादंबऱ्यांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव. हे दोघं फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले, आधी गिरगावात आणि मग ब्रीच कँडीला राहिले, 'द थिऑसॉफिस्ट' मासिक इथूनच सुरू झालं. आणि त्या वेळी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय कोण? लॉर्ड लिटन. शाळेत आपण देशी वृत्तपत्र कायद्यापायी ज्याचं नाव पाठ करतो तोच, 'झानोनी'कर्त्याचा मुलगा. ज्या बाई बापाच्या कादंबऱ्यांनी भारल्या होत्या, त्यांच्या मागे रशियाचे हेर समजून मुलाच्या सरकारचे पोलीस फिरत होते.

ब्लाव्हाट्स्की ज्यांना आपले गुरू म्हणत ते महात्मे हिमालयात राहायचे, फार दीर्घायुषी, गुप्त ज्ञानाचे धनी. त्यांच्यात झानोनी-मेज्नूरची छाया अनेक अभ्यासकांना दिसते. फरक एवढाच की हे महात्मे पत्रं पाठवायचे. पत्रं छतातून पडायची, पुढे मद्रासजवळ अड्यारला, सोसायटीच्या मुख्यालयात, एका देव्हाऱ्यासारख्या कपाटात प्रकट व्हायची. १८८४ मध्ये तिथल्याच कूलों दांपत्याने कपाटामागे सरकती फळी असल्याचं उघड केलं. अशा अतींद्रिय दाव्यांची छाननी करणाऱ्या लंडनच्या सायकिकल रिसर्च सोसायटीने रिचर्ड हॉजसनला चौकशीला पाठवलं आणि १८८५ च्या अहवालात ब्लाव्हाट्स्कींना तोतया ठरवलं. न्यायाने हेही सांगायला हवं की १९८६ मध्ये त्याच सोसायटीच्या नियतकालिकात त्या अहवालावर कडक टीका छापून आली, आणि थिऑसॉफीच्या मंडळींनी या देशात शिक्षणाचं आणि राजकीय जागृतीचं जे काम केलं ते खरंच मोठं होतं. तरी माझा मुद्दा उभाच राहतो. कादंबरीतला महात्मा तुमच्याकडे काही मागत नाही. शेवटचं पान उलटलं की त्याचा तुमच्यावर हक्क संपतो. छतातून पत्र टाकणारा महात्मा आज्ञापालन मागतो.

तुम्ही ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी राबलात तोही हेच बघतो. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर डिसेंबर २०१३ मध्ये तो मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीत काय आहे ते तुम्हाला पाठ आहे : भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, साप चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देणं, चमत्काराच्या जोरावर लुबाडणूक. सगळी कृत्यं आहेत. गोष्ट सांगणं, वाचणं, घाबरणं त्यात कुठेही नाही, आणि नसावंच.

आता आईबद्दल. पत्राच्या शेवटी तुम्ही ते दोन ओळींत उरकलंय, पण मला वाटतं पत्र त्याचंच आहे.

'यातलं काहीतरी खरं असतं तर' असं वाटणं म्हणजे तुमचा विवेक डळमळला असं मुळीच नाही. आईशी अजून बोलायचं राहिलंय, एवढाच त्याचा अर्थ. आर्थर कॉनन डॉयल डॉक्टर होते, शेरलॉक होम्सचे जनक होते. मृतात्म्यांशी बोलता येतं असं ते आधीपासून मानू लागले होते. १९१८ मध्ये मुलगा गेला, पुढच्या वर्षी भाऊ गेला, आणि उरलेलं आयुष्य त्यांनी त्याच प्रचाराला वाहिलं. १९२६ मध्ये त्यांची 'द लँड ऑफ मिस्ट' आली. 'द लॉस्ट वर्ल्ड'मधला तो भांडखोर, कुणाचं न ऐकणारा प्राध्यापक चॅलेंजर तिच्यात शेवटी परलोकविद्येवर विश्वास ठेवतो. मिळाली तर वाचा. लेखक तोच, नायक तोच, पण पान हलत नाही. लेखकाला सगळं पटलेलं आहे, त्यामुळे वाचकाने करायचं काही उरलेलंच नाही. ती वाचताना मला राग येत नाही, त्या बापाबद्दल फार वाईट वाटतं. तुम्ही त्या वाटेवर नाही. तुम्हाला 'असतं तर' म्हणता येतंय. त्यातला 'तर' सोडू नका, आणि तो म्हणायची लाजही वाटू देऊ नका. रात्री वाचून झाल्यावर जे मनात येतं ते बायकोला सांगा. आईच्या गोष्टी मुलीला सांगा. वाचन झोपेवर उठत असेल, दिवसा कशात मन लागत नसेल, तर समुपदेशकाला भेटा. लोकांना डॉक्टरकडे पाठवणाऱ्या माणसाला हे जड जाऊ नये.

कार्यकर्त्याला काय सांगायचं? पुढच्या शिबिरात रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास मागून घ्या. कव्हर काढलेलं पुस्तक हातात धरा. हॅडो मार्गारेटच्या घरात शिरतो तिथपासूनचा भाग मराठीत सांगत सांगत वाचा आणि त्या मुलालाच विचारा, मार्गारेटने नेमकं कुठे थांबायला हवं होतं? तासभर चर्चा होईल. तो पुस्तक मागून नेईल, असा माझा अंदाज आहे. आणि नाहीच नेलं तर तुमची आवड तुमच्याजवळ राहू दे, तिने दरवेळी चळवळीच्या उपयोगी पडलंच पाहिजे असं काही नाही.

मुलीला पुस्तकं जरूर द्या. तुम्ही नाही दिलीत तर मोबाइलवर ती यापेक्षा कितीतरी वाईट काहीतरी बघेल. तुमच्यासारखीच सुरुवात धारपांपासून करा, मग रत्नाकर मतकरींच्या गूढकथा. त्यानंतर 'ड्रॅक्युला'. मीनाची फाइल तिला आवडेल. एखाद्या रात्री भीती वाटली तर दिवा चालू ठेवून झोपू द्या, चिडवू नका, आणि 'विज्ञान शिकतेस ना तू?' हे तर अजिबात म्हणू नका. 'द मॅजिशियन' अकरावी-बारावीत. 'ला-बा' आता नको; त्यातल्या मुलांच्या हत्या आणि तो विधी सोसायला वय लागतं, कॉलेजात गेल्यावर तिची ती मागेल. 'झानोनी'चं ते पुस्तकाच्या दुकानाचं प्रकरण मात्र आजच वाचून दाखवा. पुढची कादंबरी संथ आहे, इंग्रजीही जुनं आहे. तिला कंटाळा आला तर तिथेच थांबा.

– ताई